अर्ध्या कोयत्याचा निरोप

इथले अनुभव मी बरेच दिवस नुसते वाचतोय. खरं सांगायचं तर विश्वास ठेवायला नाही, चुका काढायला. कुणी लिहितं, मिट्ट काळोखात हिरव्या साडीतली बाई दिसली… मी लगेच मनात विचारतो, काळोखात हिरवा रंग कसा कळला बुवा? स्वभावच तसा. नोकरीत सगळे मला शंकासूर म्हणायचे आणि मला ते आवडायचंही. भूतबाधा, देवऋषी, अंगात येणं यातलं काही मी कधी मानलं नाही, आजही मानत नाही. तरी लिहितोय, कारण एक गोष्ट इतकी वर्षं डोक्यात अडकून बसलीय आणि तिच्यात चूक सापडत नाही. म्हणजे सापडते… पण ती माझी.

निमित्त झालं मागच्या महिन्यात. आमच्याकडं दोन दिवस मोबाइलला रेंज नव्हती. नेट बंद, फोन बंद. कुठंतरी खोदकामात केबल तुटली म्हणे. घरात सगळे पाण्याबाहेर काढलेल्या माशासारखे. नातू म्हणाला, "आजोबा, तुम्ही टेलिफोनमध्ये होता ना, करा की काहीतरी." मी हसलो. पण दुसऱ्या दिवशी सूनबाई गच्चीवरून खाली आली आणि म्हणाली, "आईचा फोन यायचा होता. रेंज नसताना तिनं केला असेल, तर तो कुठं जात असेल हो?"

मी जेवत होतो. घास तसाच राहिला.

आता नीट सांगतो. मी टेलिफोन खात्यात लाइनमन होतो. मूळचा वडवणीचा, आमचं बाजारात लोखंड-भांड्यांचं दुकान. घमेली, खुरपी, विळे, कोयते… असा माल विकत लहानाचा मोठा झालो. वाण्याच्या पोरानं खांबावर चढावं हे वडिलांना पटलं नव्हतं, पण सरकारी नोकरी म्हटल्यावर गप्प बसले. लोक मला आप्पा म्हणायचे. ज्या वर्षांत गावोगाव पिवळ्या बोर्डांचे एसटीडी बूथ निघाले, त्या वर्षांतली ही गोष्ट. माझी नेमणूक शिरूर कासारच्या एक्स्चेंजवर होती. शिरूर तेव्हा अजून तालुका व्हायचं होतं. सिंदफणेचा पूल, एसटीचा थांबा, आठवडी बाजार, एवढंच गाव.

शिरूरहून नऊ किलोमीटरवर एक गाव आहे. खरं नाव लिहीत नाही, टेकवाडी म्हणू. दिवाळी झाली की हे गाव निम्मं रिकामं व्हायचं. धडधाकट बायामाणसं ट्रकमध्ये संसार टाकून ऊसतोडीला जायची, पार खाली नदीकाठच्या कारखान्यांवर. मागं राहायची म्हातारी आणि लेकरं. चार-पाच महिने त्यांना आपल्या माणसांची खबर कळायचा एकच रस्ता होता, सुमनचा बूथ.

सुमन तिशीच्या आतबाहेरची. लहानपणी पोलिओनं एक पाय गेलेला, त्या कोट्यातून तिला बूथ मिळाला होता. तिचा नंबर म्हणजे अख्ख्या गावाचा पी.पी. नंबर. लग्नपत्रिकेत तोच, मुकादमाच्या डायरीत तोच. कारखान्यावरून फोन आला की सुमन निरोप घ्यायची आणि आपली तीनचाकी हाताच्या पायडलनं फिरवत घरोघर पोचवायची. कुणाचाही नुसता आवाज ऐकून ती सांगायची, हा कुणाचा लेक, ही कुणाची सून.

त्या वर्षी ऐन हंगामात टेकवाडीची लाइन गेली. मी खांबाखांबानं बघत गेलो, तर फाट्याच्या पुढं नऊ खांबांवरची तारच गायब. तांब्याला तेव्हा भाव होता, चोर रात्रीत किलोमीटरभर तार कापून न्यायचे. मी रिपोर्ट टाकला. स्टोअरमधून उत्तर आलं, तार शिल्लक नाही, आल्यावर देऊ. म्हणजे टेकवाडी महिनाभर तरी बंद. हे झालं पहिलं. हे नीट लक्षात ठेवा, मधल्या नऊ खांबांवर तार नव्हती.

पंधरा दिवसांनी शिरूरच्या थांब्यावर चहा पीत होतो. शेजारी टेकवाडीचा एक म्हातारा दुसऱ्याला सांगत होता, "परवा ल्योकाचा फोन आलता. पेटीची किल्ली घावत नव्हती ना, तर त्यो म्हनला ज्वारीच्या कणगीत टाकलीय. हात घातला तर घावली की."

मी म्हणालो, "बाबा, फोन कुठं आला?"

"कुठं म्हंजी? सुमनबाईकडं."

माझा चहा तिथंच थांबला. तार नाही आणि फोन आला? कुठंतरी पाणी मुरत होतं.

सायकल काढली आणि थेट टेकवाडी गाठली. बूथच्या पायरीवर गयाबाई बसलेली होती. ही साठीची बाई मला पाठ झाली होती. तार चोरीला गेल्यापासून मी जेव्हा जेव्हा गावात गेलो, तेव्हा ती त्याच पायरीवर, मांडीशी दोन नातवंडं घेऊन. तिची लेक छबू आणि जावई तोडीला गेलेले. छबूला दिवस राहिलेले, शेवटचे महिने. मायलेकींचं ठरलेलं होतं की पोट दुखू लागलं, काम होईना, की छबू फोन करणार आणि गयाबाई शेजारणीकडं नातवंडं टाकून पहिल्या एसटीनं निघणार. आधीच्या दोन बाळंतपणांना गयाबाईच होती. कोपीत, म्हणजे त्या उसाच्या पाचटाच्या झोपडीत, बाई एकटी बाळंत होणं म्हणजे काय ते तिला ठाऊक होतं.

"आप्पा, तार कवा यीन?" तिनं विचारलं.

"येईल मावशी," म्हणत मी आत शिरलो आणि सुमनला सरळच विचारलं, "फोन चालू आहे का तुझा?"

"न्हाई. हितून लागत न्हाई. टोनच न्हाई."

"मग निरोप कुठून येतात?"

"तिकडून येत्यात," ती म्हणाली. "वाजतो, मी उचलते."

"तार नसताना?"

"तार बघणं तुमचं काम हाय आप्पा. माझं काम फोन उचलायचं."

मी रिसीव्हर कानाला लावला. ठार. टेस्टर लावला, करंट शून्य. मी तिच्या तोंडाकडं बघितलं, तिनं नजर चुकवली नाही. त्यामुळं माझा संशय आणखीच बळावला. खरं बोलणारी माणसं निदान थोडी गडबडतात, ही अजिबात गडबडली नाही.

आता माझ्या डोक्यात काय काय आलं ते ऐका. एक, ही बाई निरोप मनानं रचते, म्हणजे लोकांची ये-जा चालू राहते. पण मग कणगीतली किल्ली? दोन, कारखान्याकडून येणारे ट्रकवाले निरोप आणतात आणि ही फोन आला म्हणून सांगते. मी चौकशी केली, त्या पंधरवड्यात एकही ट्रक आला नव्हता. तीन, आणि हे मला एकदम पटलं… फाट्यावरून दुसऱ्या गावाची लाइन जात होती. लोक विजेच्या तारेवर आकडा टाकतात ना, तसा कुणीतरी हिला त्या लाइनवर आकडा टाकून दिला असणार. असेल तर तो गुन्हा. बूथ जाणार, फोन जाणार. आणि ज्यानं आकडा टाकला त्यानंच आमची तार कापली असणार!

इतका खूश झालो होतो मी. चोर पकडल्यासारखा.

एक्स्चेंजमध्ये आमचा इस्माईल होता, फ्रेमवर, म्हणजे सगळ्या लाइनी जिथं जोडतात तिथं काम करायचा. त्याला सांगितलं. तो म्हणाला, "बे आप्पा, तिकडं तारच न्हाई तर फोन काय हवेतून जातोय का?"

"म्हणून तर पकडायचंय. उद्या सकाळी तिच्या नंबरचा फ्यूज काढून ठेव. मी परत येईपर्यंत लावायचा नाही."

"काढतो. खिशात ठेवतो. पण एक सांगू का, तू लई शंका घेतो बे. त्या लंगड्या बाईच्या पोटावर कावून पाय देतो?"

मी म्हणालो, कायदा तो कायदा.

दुसरा दिवस शिरूरच्या बाजाराचा होता. सकाळी दहाला टेकवाडीत पोचलो. गयाबाई पायरीवर होतीच. मला गर्दी नको होती. साथीदार कोण, इशारे कोण करतो, हे बघायचं तर बूथ रिकामा हवा. मी तिला म्हणालो, "मावशी, कशाला बसून राहता? तार नाही तर फोन कुठून येणार? जा, बाजार करून या."

ती जरा घोटाळली. "छबूचा आला तर?"

"नाही येणार. मी सांगतो ना. फोनमधलं मला कळतं की तुम्हाला?"

ती उठली, नातवंडांना घेऊन फाट्याकडं चालू लागली. दोनदा मागं वळून बघितलं तिनं. ते मी तेव्हा बघितलं होतं, पण मनावर घेतलं नाही.

मग मी सुमनला समोरच्या लिंबाच्या पारावर बसवलं, वीसेक पावलांवर, मला दिसेल अशी. ती तीनचाकीवरून गुपचूप जाऊन बसली. बूथवर येणारी तार बाहेरच्या खांबावरून सोडवली, गुंडाळी करून माझ्या पिशवीत टाकली. भिंतीवरचा डबा उघडून त्यातल्याही तारा काढल्या. म्हणजे तिकडं एक्स्चेंजमध्ये फ्यूज इस्माईलच्या खिशात, मध्ये नऊ खांबांवर तार नाही, आणि इथं फोनच्या मागं फक्त हातभर वायर, तिचं टोक मोकळं लोंबतंय. डायरीत लिहिलं, 'लाइन पूर्ण डिस्कनेक्ट, ११.२५'. आणि खुर्चीवर बसलो.

ऊन चांगलं चढलेलं. समोर सुमन ज्वारी निवडत बसलेली. एक शेळी पायरीवर आली, तिला हाकललं. मी मनातल्या मनात रिपोर्टची वाक्यं जुळवत होतो.

आणि फोन वाजला.

कसा वाजला म्हणाल, तर नेहमीसारखा. घुमला नाही, चिरकला नाही. रोज वाजतो तसा. मी आधी लोंबणाऱ्या वायरकडं बघितलं. मग सुमनकडं. तिचा हात सुपात थांबला होता आणि ती माझ्याकडं बघत होती.

मला भीती वाटली का? नाही. खोटं कशाला सांगू, मला राग आला. म्हटलं, फोनच्या आतच काहीतरी बसवलंय. रिसीव्हर उचलला.

"हालू… टेकवाडी का?" बाईचा आवाज. धाप लागल्यासारखा. मागं ट्रॅक्टर चालू असल्याचा आवाज येत होता.

"कुठून बोलतेस?"

"कारखान्यावरून. सुमनबाई न्हाई का?"

"आधी मी विचारतो ते सांग. हा फोन तुला कुणी जोडून दिला? कोणत्या लाइनवरून?"

"मला काय ठावं दादा… नंबर लावला, लागला. एवढा निरोप सांगा. आईला म्हणावं, कोयता अर्धा झाला."

"काय झालं?"

"कोयता अर्धा झाला म्हणावं. तिला कळतंय."

आता बघा. मी लोखंडाच्या दुकानात वाढलेला. कोयता म्हणजे माझ्या लेखी पातं आणि मूठ, डझनानं येणारा, नगावर जाणारा माल. अर्धा कोयता म्हणजे मोडलेला कोयता, एवढंच माझ्या डोक्यात आलं. मला वाटलं, चेष्टा चाललीय आपली. साथीदाराला पढवून ठेवलंय काहीतरी सांकेतिक बोलायला. मी करड्या आवाजात म्हणालो, "कोयता मोडला तर लोहाराकडं जा. इथं कशाला फोन करतेस?"

मागं ट्रॅक्टर चालूच होता.

मग ती म्हणाली, "बरं."

आणि संपलं. रिसीव्हर पुन्हा ठार. खरखर नाही, टोन नाही, काही नाही. मी घड्याळ बघून डायरीत लिहिलं, '११.४०, बाईचा आवाज, कोयता मोडल्याचे सांगते'. मग फोनचे स्क्रू काढले आणि यंत्र टेबलावर पसरलं. घंटी, कॉइल, खात्याचे साधे भाग. आत जास्तीचं काही नव्हतं. बूथचं छप्पर बघितलं, भिंत ठोकून बघितली, टेबल उलटं केलं. पारावरून सुमननं विचारलं, "कोणाचा व्हता आप्पा?"

इथं मी जे केलं ते मी आजवर दोनच माणसांना सांगितलंय. मी म्हणालो, "राँग नंबर."

का म्हणालो? मला सापळा लावायचा होता. निरोप मला एकट्याला माहीत. आता जर सुमननं गावात कुणाला कोयत्याचा निरोप दिला, तर ती सापडली. साथीदाराकडून तिला कळलेलं असणार, हे सिद्ध झालं. शंकासुराची अक्कल ही अशी.

ती म्हणाली, "राँग नंबर मी कदी ऐकला न्हाई या फोनवर." आणि पुन्हा ज्वारी निवडू लागली.

पुढचे आठ-दहा दिवस मी गावात चकरा मारल्या. ज्याला त्याला आडून विचारायचो, कुणाचा काही निरोप? कोयत्याबद्दल काही? कुणालाच काही माहीत नव्हतं. सुमननं कुणाला काही सांगितलं नव्हतं. सापळ्यात कुणी आलं नाही. आणि गंमत म्हणा किंवा काही म्हणा, त्या दिवसानंतर तो फोन पुन्हा वाजलाही नाही. गयाबाई पायरीवर बसायची. "आप्पा, तार कवा यीन?" "येईल मावशी."

फाट्यावरची दुसरी लाइन मी इंचाइंचानं तपासली. आकडा नव्हता, खरचटल्याची खूणसुद्धा नव्हती. मी इस्माईलला खोदून खोदून विचारलं की त्या दिवशी फ्यूज लावला होतास का. त्यानं आईची शपथ घेतली. तरी मी त्याच्यावरही आठवडाभर संशय धरला, त्याच्याशी धड बोललो नाही.

मग एकदाची तार आली. दोन दिवसांत नऊ खांब ओढले, बूथची जोडणी केली. टोन आला. सुमननं नारळ आणून ठेवला होता, तो फोडायच्या आत घंटी वाजली. सुमननं उचलला. मी बाजूलाच पक्कड पुसत उभा होतो.

"हां मुकादम… हां… कवा?" मग तिनं रिसीव्हर ठेवला आणि पायरीकडं बघत म्हणाली, "मावशी, आत या."

छबू बाळंत झाली होती. दिवस भरायच्या आधीच. सगळी टोळी फडात गेलेली, कोपीत ती एकटी. कुणीतरी पाणी प्यायला परत आलं तेव्हा कळलं. छबू वाचली. बाळ गेलं. होऊन दहा दिवस झाले होते, मुकादमाला आज फोन लागला.

गयाबाई रडली नाही. ती सारखी एकच म्हणत राहिली, "फोन करते म्हनलती. मी हितंच व्हते की. मी रोज हितंच व्हते."

मी बाहेर आलो. सायकलच्या हँडलला धरून उभा राहिलो. का कोण जाणे, त्या क्षणी मला तो आवाज आठवला. सुमन तीनचाकी घेऊन बाहेर आली, तेव्हा तिला विचारलं, "बाई, कोयता अर्धा होणं म्हणजे काय गं?"

ती म्हणाली, "नवराबायको मिळून एक कोयता. मुकादम तसंच मोजतो, जोडीचा एक कोयता. एकजण आजारी पडला, पोटुशी बाई बसली, की अर्धा कोयता." मग तिनं माझ्याकडं नीट बघितलं. "तुमाला कोन म्हनलं?"

मी सगळं सांगितलं. बाजाराचा दिवस, पिशवीतली तार, लोहार. ती ऐकत राहिली. मला वाटलं शिव्या देईल. ती एवढंच म्हणाली, "मला हाक मारायची व्हती. वीस पावलावर तर व्हते."

मग तीनचाकी वळवत म्हणाली, "मावशीला तुमीच सांगा. मी न्हाई सांगायची."

मी दिवसांचा हिशोब मांडून बघितला. फोन आणि बाळंतपण यांच्यात तीन दिवस होते. शिरूरहून एसटीनं कारखाना एका दिवसाचा रस्ता. मी गयाबाईला सांगायला तिच्या दारापर्यंत दोनदा गेलो आणि दोन्ही वेळा तार बघायला आलोय असं सांगून परत फिरलो. मी भित्रा आहे, हे मला त्या वर्षी कळलं.

होळीच्या पुढं कारखान्यांचे पट्टे पडले, म्हणजे हंगाम संपला, आणि टोळ्या परत आल्या. मी बूथवर लाइन तपासत होतो. एक्स्चेंजला इस्माईलशी बोलत होतो, "हॅलो, टेकवाडी बोलतोय, आवाज येतोय का?" मागं पायरीवर गयाबाई आणि एक वाळलेली बाई येऊन उभ्या राहिल्या. मी फोन ठेवून वळलो तर ती वाळलेली बाई माझ्याकडं टक लावून बघत होती.

"तुमीच का ते?" ती म्हणाली. "लोहाराकडं जा म्हनलता."

मी काही बोलायच्या आधीच गयाबाई बोलली, "येडी का तू छबे? तवा तारच नव्हती. आप्पांनी सोता सांगितलं मला, फोन येनार न्हाई म्हनून. त्यांचं काय चुकलं त्यात?"

ती माझी बाजू घेत होती. माझी! आयुष्यात मला कुणी एवढं ठामपणे पाठीशी घातलं नसेल, आणि एवढी लाजही कधी वाटली नसेल.

छबूनं कनवटीची पिशवी सोडली. तिच्यातून घडी करून ठेवलेली कागदाची पट्टी काढली. बूथच्या मशीनमधून निघते ती, बिलाची. कारखान्यावरच्या बूथवाल्यानं दिलेली. तिला वाचता येत नव्हतं, पण तिनं टाकली नव्हती. मी वाचली. टेकवाडीचा नंबर. तारीख तीच. वेळ, अकरा चाळीस. बोलणं, एक मिनिट आठ सेकंद.

खिशात डायरी होती. काढायची गरज नव्हती, पण मी काढली, पान उघडलं आणि पट्टी त्यावर ठेवली. दोन्हींवर एकच वेळ. सुमन आतून बघत होती.

मी म्हणालो, "मावशी, फोन आला होता. मीच उचलला होता."

गयाबाई बराच वेळ त्या फोनकडं बघत राहिली. माझ्याकडं नाही. मग छबूचा हात धरला आणि दोघी घराकडं गेल्या. छबूनं पट्टी मागितली नाही. त्यानंतर मी टेकवाडीत तीन वर्षं येत-जात होतो. गयाबाई भेटली की "आप्पा, बरं हाय का?" एवढं विचारायची. पण त्या पायरीवर ती पुन्हा कधी बसली नाही.

सुमनवरचा रिपोर्ट मी फाडला. खात्याच्या कागदावर एवढंच आहे, तार चोरी, दुरुस्त केली. तिचा बूथ पुढं मोबाइल येईपर्यंत चालला. इस्माईलची माफी मागितली, तो म्हणाला, "जाऊ दे बे." पट्टी माझ्याकडं आहे. शाई पार उडालीय, आता नुसता कोरा कागद दिसतो, त्यामुळं पुरावा मागणाऱ्यांनी मागू नये. मी असतो तर मागितला असता.

तुम्ही म्हणाल, कुठंतरी लाइन जोडलेली राहिली असेल. राहिली नव्हती, मी स्वतः तोडली होती. यंत्रात चार्ज राहिला असेल? घंटी वाजेल इतका राहत नाही, आणि बोलणं तर मुळीच नाही. पुढं इंजिनियर लोकांना विचारलं, शिकलेल्या मुलांना विचारलं. सगळे हसतात आणि विषय बदलतात.  मी अजून शोधतोय, आणि भुताखेतांवर अजूनही विश्वास नाही. त्यात भूत नव्हतंच कुठं. तिकडं एक जिवंत बाई होती आणि इकडं एक जिवंत माणूस होता. मधली तार तेवढी नव्हती.

मागच्या महिन्यात रेंज परत आली तेव्हा सूनबाईचा फोन पहिल्यांदा वाजला, तो तिच्या आईचाच. ती हसत बोलत होती आणि मी आत जाऊन बसलो. त्या दिवशी अकरा चाळीसला मी त्या बाईला सगळं विचारलं होतं. कुठून बोलतेस, कुणी जोडून दिलं, कोणत्या लाइनवरून. एवढंच विचारलं नाही… कुणाच्या आईला सांगू?